दगडावरची लाल नावं

बोटीच्या शिडीवरून उतरताना सासूबाईंनी सुमियोचा हात सोडला आणि रिकाकोचा धरला... सगळ्यांच्या देखत!

"तू पिशव्या घे गं," तोकुएबाई म्हणाल्या, "मला माझी लेक नेईल."

माझी लेक! नवरा गेल्यापासून वीस वर्षं या बाईंची नखं कापली कोणी, सुजल्या गुडघ्यांना मलम चोळलं कोणी, हरवलेली कवळी उशीखालून हुडकून दिली कोणी? आणि मान कोणाला, तर सणावाराला फोन करणाऱ्या या नणंदेला, जी नवऱ्याशी काडीमोड घेऊन गेल्याच वर्षी माहेरच्या आडनावावर परत आली होती!

आईला अठ्ठ्याऐंशीवं लागलं म्हणून बोटीतून बेटं दाखवायची, हा बेतही रिकाकोचाच. त्यामुळे बोटीवरच्या जेवणाच्या टेबलावर नुसतं रिकाको, रिकाको. आज बोट गोतोच्या बेटाला लागली होती, तोकुएबाईंच्या सासरच्या गावाला, आणि संध्याकाळी परत चढायचं होतं.

बंदराबाहेरच्या दुकानात सुमियोने रताळ्याची मोची, तांदळाची मऊ चिकट वडी, भाजून घेतली, फुंकून फुंकून निववली, सासूबाईंपुढे धरली. तर त्यांनी पहिला तुकडा मोडून लेकीच्या तोंडात घातला.

"अहाहा, लहानपणीची चव!" रिकाको म्हणाली. "वहिनी, आमचा दोघींचा एक फोटो काढ ना."

सुमियोने काढला. रिकाकोचं अर्धं डोकं कापलं गेलं, आणि खोटं कशाला बोला, सुमियोला जरा बरं वाटलं.

मग तिघी टेकडीवर गेल्या. तिथे कुळाचा दगड होता, त्याच्या पोटात घरातल्या गेलेल्या माणसांच्या अस्थी, आणि तिथेच तिचा नवरा शूहेईही. बादलीतलं पाणी ओगराळ्याने दगडावर ओतताना तिचं मन भरून आलं. तो गेला तेव्हा ती ऐन पस्तिशीत होती. माहेरच्यांनी एक स्थळ आणलं होतं, विधुर मास्तर, सज्जन माणूस... "आईंना कोण बघेल?" एवढंच बोलून तिने त्यांना दारातून परत पाठवलं होतं. जाऊ दे! शेवटी आपली जागा इथेच, त्याच्यापाशी, या एका विचारावर तिने सगळे दिवस रेटले होते.

शेजारच्या नावांच्या पाटीवर तिने फडकं फिरवलं आणि तिचा हात जागीच थबकला.

सासऱ्यांचं नाव काळं. शूहेईचं काळं. तोकुएबाईंचं लाल, कारण जागा राखलेली, पण त्या अजून जिवंत. माणूस गेलं की पाथरवट तो लाल रंग खरवडून काढतो. आणि शूहेईच्या नावाखाली, जिथे बायकोचं नाव यायचं, तिथे ताजी, ओली वाटावीत अशी लाल अक्षरं... रिकाको!

"हे... हे कधी झालं?"

"उन्हाळ्यात फोन करून मीच कोरून घेतलं," तोकुएबाई खाली बघत म्हणाल्या.

"आणि मी?" सुमियोच्या हातातलं ओगराळं खाली पडलं. "मी कोण, आई? मोलकरीण? जगताना लेक ती, मेल्यावरही लेक तीच! मग मी कुठे जायचं? समुद्रात?"

"वहिनी, शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं!" रिकाको रडकुंडीला आली.

"तू गप्प बस! तुला सगळं न मागता मिळतं!"

"तिला दुसरीकडे जागा नाही गं," म्हातारी म्हणाली. "नवरा सुटला, मूल नाही. आणि तुझं... सुमियो, हे गेले तेव्हा मीही तुझ्यासारखीच ऐन पस्तिशीत होते. यांचं दिवसकार्य आटपायच्या आत सासऱ्यांनी माझं नाव इथे लाल करून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. दर वर्षी इथे यायचं आणि स्वतःचं नाव वाचायचं, जिवंतपणी पुरल्यासारखं! तुझ्या बाबतीत मी तेच पाप करू? तो मास्तर येऊन गेला, तेव्हा मी दाराआड उभी होते. 'जा' म्हणाले नाही. माझा स्वार्थ, बाई! म्हणून निदान दगडावर तरी तुला मोकळी ठेवली... अजून तुझं वय कुठे गेलंय!"

"छप्पन्नावं चालू आहे, आई!"

"मग काय झालं!"

सुमियो खाली बसली आणि ढसाढसा रडली. इतकी वर्षं ती मत्सरात जळत होती, आणि सासूबाईंनी तिच्यासाठी जागा नव्हे, वाट राखून ठेवली होती!

"मग आता विचारा," ती हुंदके आवरत म्हणाली. "एकदा तरी विचारा की मला."

तोकुएबाई काठी टेकत टेकत तिच्यासमोर आल्या आणि सुनेपुढे कमरेत वाकल्या. "सुमियो... आमच्यात राहशील का गं?"

"राहीन. पण तुमच्या शेजारी मी. रिकाको तिकडे, भिंतीच्या बाजूला!"

"वहिनी! मेल्यावरही?" रिकाको नाक पुसत म्हणाली.

"मेल्यावरही!"

"अगं, पण माझ्या शेजारी शूहेई आहे ना," म्हातारी म्हणाली.

सुमियोने दगडाकडे पाहिलं. "त्यांना सांगेन मी, जरा सरकून घ्या म्हणून."

तिघींना हसू फुटलं, आणि मग शूहेई गेल्यापासून पहिल्यांदाच त्या तिघी त्याच्यासाठी एकत्र बसून रडल्या.