वाटूरचं अडकणारं मशीन

"अहो, लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा... गुदमरेल ना!"

रिक्षात शेजारी बसलेल्या तरुणाला मी बोलून गेले. त्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, अन् रस्त्याचा प्रत्येक खड्डा तो स्वतःच्या अंगावर झेलत होता.

तो गालात हसला. हलकेच गोधडीचं टोक उचललं. आत काच, तारा, पंखे! मी दचकून पार कडेला सरकले.

"वाटूरहून आणलंय," तो म्हणाला. "मधीच अडकून राह्यलंय. दवाखाना कुठं हाये, तेवढं सांगा आता."

दवाखाना माझाच निघाला. नवीन जालन्यात, स्टेशनजवळ, 'प्रियदर्शनी कम्प्युटर दुरुस्ती'. पाटीवरचं नाव अन् मी दुकानाचं उघडलेलं कुलूप... आळीपाळीने बघत तो उंबऱ्यातच उभा राहिला.

त्याचं नाव अंगद. लग्नाच्या फिल्म जोडायचा. काम जल्दी उरकावं म्हणून त्याने प्रोसेसरचा अन् ग्राफिक कार्डाचा वेग कंपनीने ठरवून दिला त्यापेक्षा वाढवला होता. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. तेव्हापासून चालता चालता पडद्यावरचं सगळं थिजायचं. चार-सहा श्वास... की पुन्हा सुरू.

"बैलाला घोड्याची चाल शिकवायला गेलात," मी म्हटलं.

"शिकला की! मधीच थांबून विचार करतो, तेवढंच."

"मालकावर गेलाय."

"मालक कशाचा विचार करतो, मॅडम? मालक नुसता बघत राहतो."

माझ्या हातातला स्क्रू सुटला, टेबलाखाली गेला. बरंच झालं. शोधायला वाकले, अन् चेहरा लपला.

मी प्रोसेसरचा वेग उतरवला. पंख्यांतली धूळ काढली. पुढच्या खेपेला रॅम तपासली. दुकानात मशीन गुणी बाळासारखं चालायचं. वाटूरला पोचलं की अडकायचं. तो पुन्हा यायचा, कधी ओला हरभरा घेऊन, कधी बोरं घेऊन. अन् मी... दारात गोधडी दिसली की माझ्याच ओठांवर ओवी यायची.

*बोलता बोलता बाई, बोल ओठांत अडला*
*काय सांगू गं साजणी, डोळ्यांवाटे सांडला...*

एका दुपारी त्याचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं.

"मॅडम, आज झालं तर झालं. न्हाई तर मशीन विकतो. पुण्यात मामाचा स्टुडिओ हाये, सोमवारी निघतो. गिऱ्हाईक थांबत न्हाई ना."

मी खुर्चीत बसलेच. पुणे? सोमवारी?

"घरूनच व्हिडिओ कॉल लावा," मी कशीबशी म्हणाले. "त्याच मशीनवरून. फिल्म चालू ठेवा. अडकताना मला बघायचंय."

त्याचा चेहरा माझ्या पडद्यावर आला. मी पुढची तपासणी सांगत होते, तो केसांतून हात फिरवत होता... अन् चित्र थिजलं. हात केसांतच.

आवाज मात्र वाहत होता.

"माय! ये इकडं, जल्दी. ही बघ... हीच ती."

"हळू बोल रे, ऐकंल ना!"

"न्हाई गं. सगळंच अडकलंय. बघ, तीबी तशीच थांबलीय, तोंड उघडं ठेवून."

मी श्वाससुद्धा घेतला नाही. चित्र हललं, त्याचा केसांतला हात सुटला.

"हां मॅडम, अडकलं होतं बघा," तो एकदम शिस्तीत म्हणाला.

मी मान हलवली. तेवढ्यात पुन्हा थिजलं.

"कुणाची लेक?"

"भिवा मास्तरांची. विहाराच्या गल्लीतली."

पलीकडे शांतता. ती शांतता मला ओळखीची होती. वाटूरकडच्या शेतकऱ्यांच्या घरांतून आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीत सोयरीक घेऊन कुणी आलेलं नव्हतं.

"तुझ्या बापाला माहीत हाये?"

"तुलाच आत्ता सांगून राह्यलो, माय."

"अन् तिला?"

चित्र हललं. त्याच्या मागे त्याची आई, तुळजाबाई उभ्या होत्या, पदर सावरत, जणू आत्ताच आल्यात.

अन् त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. पडदा थांबतो, आवाज थांबत नाही! म्हणजे दोष प्रोसेसरचा नव्हताच, चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक कार्डाचा होता; दुकानात मी फिल्म चालवलीच नव्हती, म्हणून तिथे दिसला नाही. मी इतके दिवस भलत्याच जागी औषध लावत होते.

पण हे सांगायचं म्हणजे... ऐकलं, हेही सांगायचं. न सांगावं, तर सोमवारी पुणे.

"अंगद," मी म्हणाले. मॅडमपणा त्या हाकेत राहिला नव्हता. "ग्राफिक कार्डाचा वेग पहिल्यासारखा करा. प्रोसेसर बराबर आहे."

त्याने वेग उतरवला. फिल्म धावू लागली, न अडखळता. तो खुशीत ओरडला, "कसं कळलं हो?"

"अडकत होतं ते चित्र..." मी खाली बघितलं. "आवाज येत होता."

आता तो थिजला. या खेपेला मशीन बिलकुल ठीक होतं.

"आत्ता गं बया!" तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मंग... सगळं ऐकलं?"

"आईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय."

त्याने खुर्ची पुढे ओढली. "तिलाच विचारून राह्यलो... आत्ता. चालंल का?"

"पुण्याला जाऊ नका," मी म्हणाले. एवढंच जमलं. पण त्याच्या डोळ्यांत दिवे लागले.

"मला नाही विचारलं कुणी?"

पाठीमागून आवाज आला अन् मी उडालेच. बाबा! दुपारचा डबा घेऊन दारात उभे. स्पीकर मोठा होता... सगळं दुकानभर गेलं होतं.

बाबा सावकाश पुढे आले, चष्मा सारखा केला, पडद्याकडे वाकले.

"वडिलांना सांगितलंस का रे?"

"न्हाई, सर."

"मग आधी त्यांना सांग. त्यांच्यापासून लपवून माझ्या लेकीला कुणी मागायचं नाही. सांगून ये. चहा मी पाजतो."

अंगदने आईकडे पाहिलं. तुळजाबाई म्हणाल्या, "अंगणातच हायेत. चल, मी हाये."

दोघंही पडद्याबाहेर गेली. "आबा!" अशी हाक ऐकू आली, दूर, थोडी कापरी.

पडद्यावर रिकामी खोली. बाबा माझ्याजवळ स्टूल ओढून बसले, डबा तसाच बंद.

"अडकलं का गं पुन्हा?" त्यांनी हळूच विचारलं.

मी निरखून पाहिलं. तो उठून गेला ती खुर्ची अजून हलकेच फिरत होती.

"नाही, बाबा. चालू आहे."