फोम सुकेपर्यंत

हे मी लिहिणारच नव्हतो. सुरुवात केली, पुसली, परत केली. प्रेमाबिमाचं लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही. तसं गाडी चालवायलाही कुणी शिकवलं नव्हतं म्हणा... पण तिथे निदान तोंडावर हेल्मेट असतं. असो. लिहून टाकतो.

आमची टीम म्हणजे आमचं घरच. बाबा इंजिन बघतात. ताई बाकी सगळं बघते — प्रवास, सामान, माझं खाणंपिणं, माझी लायकी. मी चालवतो. उघड्या चाकांची, एकाच माणसाची गाडी. या शर्यतींना पायऱ्या असतात. आम्ही खालच्या पायरीवर कधीचे उभे होतो. वर पाय टाकायचा तर गाडीच्या नाकावर कुणाचं तरी मोठं नाव पाहिजे. या हंगामात स्पॉन्सर मिळाला नाही तर वरची पायरी विसरायची, हे ताईनं घरात सांगून टाकलं होतं. ताईनं सगळ्यांना विचारून झालं होतं. उत्तर आलं फक्त एका गादीच्या कंपनीचं.

"गादी?" मी म्हटलं. "मी सुसाट जाणार आणि गाडीवर लिहिलेलं असणार — झोपा?"

"तू झोपलास तरी चालेल, पण नाव दिसलं पाहिजे," ताई म्हणाली.

गादीवाल्यांचं माणूस येणार होतं त्या सकाळी आम्ही गॅरेजमध्ये सीट बनवत होतो. आमच्या गाडीत सीट विकत आणून बसवत नाहीत. गाडीत प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवायची, त्यात ड्रायव्हर बसवायचा, आणि पाठीमागून पिशवीत फोमचं पातळ मिश्रण ओतायचं. ते फुगतं, गरम होतं, अंगाभोवती चढतं आणि घट्ट बसतं. तोवर हलायचं नाही. हललं की माप गेलं. बाबांनी ओतलं आणि ताईबरोबर फाटकाकडे गेले, पाहुणे येणार होते म्हणून. पाहुणी मागच्या दारानं आली.

"हॅलो... कुणी आहे का?"

"आहे. पण मान वळवता येत नाही."

"अरे बापरे. काय झालं?"

"सीट होतेय."

ती हसली. बाहेर बारीक पाऊस होता, तिच्या चपला फरशीवर चुक् चुक् वाजत होत्या. गाडीचा आरसा तळहाताएवढा. त्यात आधी ओले केस आले, मग अर्धा कान.

"तुम्ही बघताय कुठे?"

"आरशात. दुसरीकडे बघायची सोय नाहीये."

"मग मी सरकते थोडी... आता?"

"आता नाक आलं."

"बरं आहे का?"

"नाकाबद्दल तक्रार नाही."

"मी गादीच्या कंपनीतून आलेय," नाक म्हणालं. "फोम म्हणजे आमचंच खातं. बघू, किती गरम झालाय?"

ती वाकली आणि माझ्या कमरेशी फोमवर बोटं टेकवली. तिच्या बाहीचा पावसाचा गार वास आला. आणि मी — काय सांगू — पोट आत घेतलं. ठरवून नाही हो. आपोआप. एवढी छान मुलगी इतक्या जवळ वाकल्यावर पोट सोडून कोण बसतं?

ती गेली आरशातून, पण मी पोट काही सोडलं नाही. बाबा परत येऊन "झालं, ऊठ" म्हणेपर्यंत.

कंपनीनं तिला आमची पाहणी करायला पाठवलं होतं. ती जे लिहील त्यावर तिचे साहेब ठरवणार होते. आम्ही, नाहीतर बारक्याची टीम. बारक्या म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र. उंचीनं माझ्या डोक्यावर एक वीत, म्हणून बारक्या. तोही भावांबरोबर टीम चालवतो, गाडीही स्वतःच, आणि चांगली चालवतो हेच वाईट.

ताईनं मला बजावलं, "करारावर सही होईपर्यंत तिच्याशी गोड बोलायचं नाही. हसायचंसुद्धा बेतानं."

"बेतानं म्हणजे?"

"दात न दाखवता."

सरावाच्या दिवशी ती यायची. टायरच्या चळतीवर बसून सगळं बघायची, बाबांना प्रश्न विचारायची. मी आत आलो की हेल्मेट काढायच्या आधीच विचारायची, "हसलास का आत्ता? हेल्मेटमधून कळत नाही." तुम्हीचं तू कधी झालं तेही कळलं नाही.

"मला परवानगी नाहीये."

"कुणाची?"

"ताईची."

"मग डोळ्यांनी हस. त्याला ताई काय करणार?"

मी हेल्मेटची काच खाली ओढली. गाल गरम झाले होते, आणि ते इंजिनमुळे नव्हते.

इकडे सीट मात्र मला खात होती. चार फेऱ्या झाल्या की बरगड्यांवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. श्वास पुरायचा नाही. मी कुणाला बोललो नाही. एका दुपारी गाडीतून उतरलो आणि गॅरेजच्या फरशीवर सरळ आडवा झालो. डोळे उघडले तर वर ती.

"काय रे? गादी आणू?"

"सीट घट्ट आहे."

"बघू." तिनं सीट उचलून उजेडात धरली, आतून हात फिरवला. कमरेपाशी तिचा हात थांबला. फोमकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे. परत फोमकडे.

"तू... पोट आत घेतलं होतंस?"

मी छताकडे बघायला लागलो.

"मी आले तेव्हा?"

मी आडवा पडूनच मान डोलावली.

"अरे, मी तर तेव्हा नुसतं नाक होते!"

ती इतकी हसली की तिला टायरवर बसावं लागलं. मीही हसलो. दात दाखवून. आणि मग ती नुसतीच सीटवर बोट फिरवत राहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"पंचाईत झाली," ती म्हणाली. "मला तुमच्याबद्दल लिहायचंय. आणि काल लिहायला बसले तर... सगळं छानच लिहिलं जातंय. तू वळणावर चुकलास तेही छान. मला तू आवडतोस रे. आता मी काय पाहणी करणार, कप्पाळ?"

मी उठून बसलो. बरगड्या दुखत होत्या, पण ते बहुतेक आतून होतं.

"तू सांग," ती म्हणाली. "मी गप्प बसून छान छान लिहून सही करून टाकू शकते. तुमचं काम होईल. नाहीतर साहेबांना खरं सांगते. मग ते स्वतः येतील, शर्यत बघतील, आणि त्यांना पटेल ते करतील."

वरची पायरी तिच्या हातात होती. अगदी माझ्यापुढे धरलेली. मला ताई दिसली, बाबांचे तेलकट हात दिसले. खोटं कशाला बोलू, 'गप्प बस' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण मग आयुष्यभर मला प्रश्न पडला असता, नाव गाडीला मिळालं की माझ्या पोटाला? आणि तिला पडला असता, मी हसलो ते कशासाठी?

"सांग साहेबांना," मी म्हटलं. "आणि... मलाही तू आवडतेस. आरशात होतीस तेव्हापासून."

"नुसतं नाक होतं तेव्हापासून?"

"अर्ध्या कानापासून."

घरच्यांना हे सगळं, पोटासकट, सांगितलं तेव्हा ताईनं हातातला पाना टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. ते जास्त वाईट. "एक महिना," ती म्हणाली, "एक महिना थांबता नाही आलं तुला?" आणि आत निघून गेली. बाबा बराच वेळ इंजिनावरचं फडकं घडी करत राहिले.

"मुलगी गाडी चालवते का?"

"नाही."

"बरं झालं. घरात एक तरी शहाणं माणूस येईल."

मग सुरी घेऊन बसले आणि सीट आतून कोरायला लागले. थोड्या वेळानं ताईही येऊन दिवा धरून उभी राहिली. माझ्याकडे न बघता.

साहेब आले. छत्रीखाली उभे राहून सगळी शर्यत बघितली. सीट मस्त बसली होती, श्वास पुरत होता, गाडी पळत होती. शेवटच्या फेरीपर्यंत मी बारक्याच्या पुढे होतो. मग त्यानं ओल्या वळणावर माझ्यापेक्षा उशिरा ब्रेक मारला आणि आतून निघून गेला. काही सबब नाही. तो चांगला चालवून गेला.

नाव बारक्याच्या गाडीला मिळालं.

ती गॅरेजच्या दारात उभी होती. डोळे भरलेले. "मी गप्प बसून लिहिलं असतं तर..." ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं आणि तिचा हात धरला. ताईसमोर. ताईनं बघितलं, एक सुस्कारा सोडला, आणि तिच्यासाठीही चहा ओतला. आम्ही अजून एक हंगाम याच पायरीवर. ताई सोमवारपासून परत फोन लावणार आहे.

संध्याकाळी बारक्या आला. छातीवर गादीवाल्यांचं कोरं करकरीत नाव. माझ्या शेजारी बसला, पाय लांब सोडून.

"शिव्या दे," तो म्हणाला.

"कशाला? ब्रेक छान मारलास."

"तिचं कळलं मला. सगळं." त्यानं पाय जवळ घेतले. "ऐक. कधीतरी तुमचं भांडण होईल. मी वर असेन, तू इथेच असशील, आणि तुझ्या तोंडात येईल, तुझ्यामुळे झालं. येईलच. तू कसा आहेस माहितीये मला."

"मग?"

"तेव्हा गिळायचं. वचन दे."

पलीकडे ती बाबांना गाडीवर ताडपत्री ओढायला मदत करत होती, चुकीच्या बाजूनं. मी बारक्याचा हात हातात घेतला.

"दिलं," मी म्हटलं. "साहेबांना सांग, असं मीच म्हटलं होतं तिला. तिच्यामुळे काहीच झालेलं नाही. भांडणातसुद्धा नाही म्हणणार. कधीच."