जांगड आणलेला ट्रंपेट

नीलकंठ फिटर कोणताही माल तपासल्याशिवाय घेत नसे. बाजारात वांगी घ्यायची तरी उलटून, दाबून, देठ वाकवून बघायचा. भाजीवाली वैतागायची आणि शैलजा मागून म्हणायची, "अहो, वांगं आहे ते. पिस्टन नाही." पण कारखान्यात एवढी वर्षं तोफांच्या गाड्यांचे सुटे भाग जोडलेला माणूस तो! 'पास' अशी खडूची खूण केल्याशिवाय त्याला चैनच पडत नसे.

त्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, दिवाळी झाली आणि कारखान्याचा भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला. ओव्हरटाइम जोरात होता. जबलपूर स्टेशनातून पूर्वेकडे फौजेच्या गाड्या जात होत्या, आणि दीक्षितपुऱ्यातल्या बायका पुऱ्यांची पातेली घेऊन प्लॅटफॉर्मवर उभ्या राहायच्या. जवानांना गरम चहा, खव्याची जिलबी आणि वर कामगारांचा बँड! मोठा ढोल गुणवंतरावांचा. पोट आणि ढोल यांत आधी काय दिसतं यावरून पोरंसोरं पैजा लावायची, आणि गुणवंतराव स्वतः त्यात भाग घ्यायचे.

त्या बँडचा एकच नियम होता. गाडी हलली की ट्रंपेटवाल्याने शेवटचा सूर धरायचा, आणि गार्डाचा डबा प्लॅटफॉर्मच्या बाहेर पडेपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण सूर मध्येच तुटला तर निरोप अर्धा राहतो, आणि लढाईवर जाणाऱ्याला अर्धा निरोप देत नाहीत, एवढं सगळ्यांना कळत होतं.

आधी ट्रंपेटवाले दोघं होते. एकाचा दम संपला की दुसरा सूर उचलायचा. दुसऱ्याची बदली झाली आणि नीलकंठ एकटा उरला. त्यात मागच्या थंडीत त्याला न्यूमोनिया झालेला. छातीचा भाता निम्मा झाला होता. सहाव्या-सातव्या डब्यालाच डोळ्यांपुढे काजवे! आणि बँडचा जुना ट्रंपेट तर ऐन वेळी मान टाकून बसला. पिस्टन अडकला तो अडकलाच.

नेमका तेव्हाच निरोप आला की दिवाकरची पलटण जबलपूरवरून जाणार आहे.

दिवाकर हा नीलकंठचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा याला नीलकंठनेच वाढवलं. शैलजा लग्न होऊन आली तेव्हा दिवाकर हाफ पँटीत होता आणि पहिल्याच दिवशी तिच्या रुखवतातले लाडू त्याने फस्त केले होते. नीलकंठ अडकलेला पिस्टन पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिला. सगळ्या जगाच्या गाड्यांना सूर धरला, आणि आपल्याच पोराच्या गाडीला तुटला तर?

म्हणून तो फवाऱ्याजवळच्या श्यामसुंदरच्या दुकानात गेला.

श्यामसुंदरचा लग्नाचा बँड होता. दुकानात लाल कोट, जरीच्या टोप्या, ढोल आणि वरातीचे दिवे यांची नुसती दाटी. एक ट्रंपेट मात्र वेगळा, मागच्या खिडकीशी खुंटीवर एकटाच टांगलेला होता. पितळ काळवंडलेलं, वरची इंग्रजी अक्षरं झिजून गेलेली. गोऱ्यांच्या पलटणीतला असावा. नीलकंठने पिस्टन दाबून पाहिले. लोण्यासारखे! नळ्या सरकवल्या, पाणी सोडायची बारकी चावी उघडून बूच पाहिलं, पोचे मोजले. मग तो ओठाला लावला, आणि दचकून खाली घेतला.

तोंडाकडचा भाग कोमट होता. आत्ताच कोणीतरी वाजवून ठेवावा तसा.

नीलकंठने खिडकीकडे पाहिलं. खिडकी उत्तरेची, तिथे ऊन येत नव्हतं. दिवाही जवळ नव्हता. त्याने बाहीने तो भाग पुसला आणि पुन्हा ओठाला लावला. आता बरा वाटला. सूर असा निघाला की समोरच्या पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला.

"किसका था, भैया?" नीलकंठने विचारलं.

"एक बूढ़े बैंडमास्टर का," श्यामसुंदर म्हणाला. "हम कितनी बार माँगने गए, घरवाले देते ही नहीं थे. फिर बाबा गुजर गए, और दूसरे ही दिन खुद लाकर रख गए. बोले, अब किस काम का."

"इसकी पेटी?"

"पेटी नहीं है, बाबूजी. उन्होंने कभी बनवाई ही नहीं. घर में भी ऐसे ही खुला टँगा रहता था."

बिनापेटीचं वाद्य हे नीलकंठला अजिबात पसंत पडलं नाही. घ्यावा की न घ्यावा? श्यामसुंदरने त्याची चुळबुळ ओळखली आणि हसून सांगितलं, "जाकड़ ले जाओ ना! जँच जाए तो रखो, नहीं तो लौटा दो." आपण ज्याला जांगड म्हणतो तेच हे; माल घरी न्यायचा, वापरून बघायचा आणि मग ठरवायचं. नीलकंठचा जीव भांड्यात पडला.

"ही कोणाची पिपाणी आणली?" शैलजाने दारातच अडवलं.

"पिपाणी नाही, ट्रंपेट आहे. जांगड आणला."

"हो, पण इतका काळा काहून? चिंच लावून घासून देऊ?"

नीलकंठने तिला हात लावू दिला नाही. आधी तपासणी! कारखान्यात नळ्यांची गळती बघतात तसं त्याने बादलीत साबणाचं पाणी केलं, तोंडाकडून बूच ठोकलं, कर्णा वर धरून अख्खा ट्रंपेट हळूहळू पाण्यात बुडवला. आतली हवा भसकन निघून गेली. नंतर एक बुडबुडा नाही. नीलकंठ खूश! त्याने तो कोरडा केला आणि पितळेवर खडूने छोटीशी खूण केली. शैलजा हसून हसून खाली बसली.

गच्चीवर सराव सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी नीलकंठने लांब सूर धरला आणि नेहमीच्या ठिकाणी त्याचा दम संपला. सूर संपला नाही. तो जरासा पुढे गेला, नीलकंठने श्वास घेतला, आणि तोवर सूर तसाच होता.

"आत हवा साठत असेल," तो स्वतःशी म्हणाला. "नळ्या जुन्या, जाड."

दुसऱ्या दिवशी शैलजा वाळवण काढायला वर आली. नीलकंठने तिला काही विचारायचं म्हणून ट्रंपेट ओठावरून काढला. विचारलं. तिने हातातली चाळणी तशीच धरली होती. सूर त्यानंतर थांबला.

"घुमून राहिलं," नीलकंठ म्हणाला. "शेजारची भिंत आहे नं."

"हो," शैलजा म्हणाली. भिंतीकडे मात्र तिने पाहिलं नाही.

दिवाकरची गाडी सकाळी आली. काय धमाल! दिवाकर दारात लोंबकळत ओरडत होता, "वहिनी, लाडू!" शैलजाने डबाच त्याच्या हातात कोंबला. तिचे डोळे वाहत होते आणि तोंडाने ती त्याला रागावत होती की स्वेटर काहून नाही घातला. नीलकंठच्या पाया पडायला तो खाली उतरला. नीलकंठने त्याची कॉलर नीट केली.

गाडी हलली. गुणवंतरावांनी ढोल घुमवला. नीलकंठने सूर धरला.

डबे जात राहिले. नीलकंठचा दम संपला, सूर नाही. शेवटचा डबा गेला, गार्डाची झेंडी गेली, गुणवंतराव थांबले, बायकांनी पातेली उचलली. नीलकंठने ट्रंपेट खाली घेतला. सूर थांबला असं कोणी म्हणणार नाही. तो गाडीच्या मागे लांब लांब जात राहिला आणि मग ऐकू येईनासा झाला.

"काय बापा नीलकंठराव!" गुणवंतरावांनी पाठीत धपाटा घातला. "फुप्फुस नवीन बसवलं काय?"

सगळे हसले. नीलकंठही हसला. घरी येऊन त्याने ट्रंपेट खिडकीशी टांगला आणि आनंदाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंपेटखाली जमीन ओली होती.

वाजवताना श्वासातल्या वाफेचं पाणी आत जमतं, ते चावी उघडून सोडतात, हे कोणताही वाजवणारा सांगेल. पण नीलकंठने पाणी सोडून, पुसून, कोरडा करून टांगला होता. त्याने पुन्हा पुसला. संध्याकाळी पुन्हा थेंब. त्याने बूच बदललं, नळीत तारेने कापड फिरवलं. थेंब येतच राहिले. शैलजाने खाली एक वाटी ठेवली. रोज सकाळी ती तुळशीत पाणी घालायची आणि मग वाटी मोरीत ओतायची. तुळशीत का नाही ओतत, हे नीलकंठने विचारलं नाही.

"परत करून टाका नं," ती एकदा म्हणाली.

"बँडला लागतो सध्या. बघू."

मग लढाई पेटली. रेडिओवर बातम्या लागल्या की आख्खी आळी गोळा व्हायची. एकादशी होती, शैलजा साबुदाणा भिजवून बसली होती. आळीत दुपारची जेवणं आटोपत होती तेव्हा खिडकीकडून आवाज आला. वाटी भरून वाहत होती. थेंब नाही, धार! शैलजाने तांब्या लावला, मग पातेलं लावलं. ट्रंपेटला हात लावायची तिला हिंमत झाली नाही, कारण त्याच्या तोंडाशी धाप लागल्यासारखा बारीक आवाज येत होता. संध्याकाळी धार थांबली. नीलकंठ कारखान्यातून आला तेव्हा तिने त्याला पातेलं दाखवलं, आणि दोघांनी मिळून ते मोरीत ओतलं.

लढाई संपली. थंडी ओसरता ओसरता दिवाकर घरी आला. वाळला होता, पण धडधाकट! आळीने त्याला डोक्यावर घेतलं, गुणवंतरावांनी दारात ढोल वाजवला, शैलजाने कढी-गोळे केले. दिवाकर पाटावर बसून हाणत होता आणि गोष्टी सांगत होता.

"मोर्च्यावर खंदकात होतो, दादा. जवळच गोळा पडला आणि सगळी माती अंगावर आली. बाहेर काढेस्तोवर संध्याकाळ झाली म्हणे. डॉक्टर म्हणाला, अबे, तू जिवंत काहून आहेस? आत हवा नव्हती ना!"

"कधी झालं हे?" शैलजाने विचारलं.

"एकादशीला. आठवण राहिली, कारण सकाळीच म्हटलं, वहिनीची खिचडी खाल्ली असती." तो हसला. "एक मजा सांगू? आत असताना तोंडात सारखी पितळेची चव येत होती. अजून येते कधी कधी."

नीलकंठने कढीची वाटी त्याच्याकडे सरकवली. "खा," म्हणाला. शैलजा आत गेली.

त्या रविवारी ती नीलकंठला म्हणाली, "आपला माणूस घरी आला. आता तुमची पिपाणी देऊन या. मला ते थेंब नको झाले हो." नीलकंठने मान हलवली. खरं तर त्यालाही सुटका हवी होती. श्यामसुंदरला निरोप गेला की ट्रंपेट परत येतो आहे. पण जांगड नेलेला माल परत देताना तपासून द्यावा, ही फिटरची रीत! त्याने परसात बादली घेतली, साबणाचं पाणी केलं, तोंडाकडून बूच ठोकलं. आतून दिवाकरचं हसणं ऐकू येत होतं; गुणवंतरावांच्या पोटाची नक्कल चालली होती.

नीलकंठने ट्रंपेट बुडवला.

हवा भसकन निघाली. नीलकंठ थांबला. आता बुडबुडे यायला नको होते.

आले. एकामागून एक, भराभर.

तो वाकून गळती शोधू लागला. बुडबुडे नळीतून नव्हते. कर्ण्याच्या खोलातून येत होते. मोठे होत होते.

आत हसणं थांबलं होतं.

"अहो!" शैलजा किंचाळली. "अहो, भाऊजी बघा!"

नीलकंठने ट्रंपेट बाहेर खेचला. ओल्या हाताने बूच निघेना, त्याने दाताने उपटलं.

घरात मोठ्याने श्वास ओढल्याचा आवाज झाला, आणि मग खोकला.

तो ट्रंपेट घेऊन तसाच आत धावला. दिवाकर भिंतीला टेकून बसला होता, लालबुंद, डोळ्यांत पाणी. "काही नाही, दादा," तो धापा टाकत म्हणाला. "ठसका लागला नुसता. तुझ्या गुणवंतरावांचा शाप!"

नीलकंठने ट्रंपेट खिडकीशी खुंटीवर टांगला. कर्णा मोकळा आहे ना, ते दोनदा पाहिलं. खिडकी सताड उघडली.

"श्यामसुंदरला सांगून येतो," तो म्हणाला. "माल पसंत आहे म्हणावं. ठेवून घेतला."

शैलजाने मान हलवली.

"बरं झालं," दिवाकर तोंड पुसत हसला. "छान वाजतो तो. पण वहिनी, तुम्ही चहाचे गिलास नीट विसळत जा बापा. तोंडात नुसता साबण लागून राहिला."

शैलजाने हातातल्या गिलासाकडे पाहिलं. चहा काठोकाठ भरलेला होता. तो तिने त्याला अजून दिलाच नव्हता.