सेन्यॉर आरिएता यांची सर्दी

"बाई, मी माणूस मारला," खुर्चीत टेकण्याआधीच अनेलीझ ट्राउनर म्हणाली.

व्हिएन्नात गुन्हा कबूल करायला लोक पोलिसांकडे जातात. हेडविग प्रोहास्काकडे येतात ते नाकबूल करायला. त्यामुळे या खासगी गुप्तहेर बाईने कान टवकारले. तिचा जोडीदार पोल्डी, निवृत्त ट्रामचालक, केक खातच राहिला.

अनेलीझ ही कोर्टात शपथ घेतलेली भाषांतरकार. आरोग्यधामात आलेल्या म्हाताऱ्या आरिएतांच्या स्पॅनिश डॉक्टरची चिठ्ठी तिने जर्मनमध्ये उतरवली होती. चिठ्ठीत शब्द होता 'कॉन्स्तिपादो'.

"स्पेन-पोर्तुगालात त्याचा अर्थ सर्दी. इटली, फ्रान्स, इंग्लंडात त्याचेच भाऊबंद म्हणजे बद्धकोष्ठ. माझ्या भाषांतरात म्हणे बद्धकोष्ठ लिहिलंय! आणि 'आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, जुलाब देऊ नये' हे वाक्यच नाही. आरोग्यधामात जुलाब दिला, म्हातारा दगावला. उद्या माझा शिक्का काढून घेतील. शिक्क्याचं जाऊ दे हो, पण मी खरंच..."

"तुमच्याकडची प्रत?" हेडविगने विचारलं.

"बरोबर आहे. ते म्हणतात, मागाहून सुधारलीत. मला नुसती झेरॉक्स दाखवली. आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही."

"कागद बांधता कसे?"

"मूळ चिठ्ठी वर, भाषांतर खाली. दोऱ्यानं शिवायचं, साधी गाठ मारायची. मग सगळ्या पानांचे कोपरे पंख्यासारखे दुमडून त्यांच्यावर मिळून एकच गोल शिक्का. मला हे काम शिकवणाऱ्या बाईंची शिस्त. हल्ली कोण करतंय!"

"घाईत चुकली असेल बिचारी," जिन्यात पोल्डी पुटपुटला.

"अरे, हा शब्द त्यांना पहिल्याच तासाला शिकवतात. तू कधी ट्रामचा ब्रेक विसरलास का?"

आरोग्यधामात मुख्य परिचारिका झीटा फणकारली, "डॉक्टरांनी लिहिलं ते मी पाजलं. माझ्याकडे काय बघता? ही बोटं बघा, संधिवातानं साधं बटण लागत नाही."

कारकून लोरेन्झ घाम पुसत होता. "फाईल आली तशी माझ्या कपाटात. पहिल्यांदा बाहेर निघाली ती म्हातारा गेला त्या दुपारी. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतली."

या कारकुनाकडे टाइपरायटर होता, किल्लीही होती. पोल्डीने हेडविगला डोळा घातला.

डॉक्टर केसलर मात्र साखरेहून गोड. "बिचाऱ्या ट्राउनरबाई! मी त्यांचं भाषांतर वाचूनच औषध लिहिलं हो." पोल्डीच्या केकच्या खोक्याची दोरी सुटली होती; बोलता बोलता डॉक्टरांनीच ती बांधून दिली. एकाऐवजी दोन वेढे दिले, मग गाठ. "आता नाही निसटायची."

संध्याकाळी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. हेडविगने खरा दस्तऐवज मागून घेतला आणि पाचही पानांचे कोपरे पंख्यासारखे दुमडले. लाल शिक्क्यातला गरुड जुळला, पण त्याचा एक पंखच गायब होता.

"भाषांतराच्या दुसऱ्या पानाचा कोपरा कोरा आहे. हे पान मागाहून घातलंय."

"लोरेन्झ!" पोल्डी ओरडला.

"थांब. डॉक्टर, तुम्ही म्हणता, भाषांतर वाचून औषध लिहिलंत. फाईल तर म्हातारा मेल्यावर कपाटाबाहेर आली. मग वाचलंत काय? आणि ही गाठ बघा. अनेलीझची गाठ साधी असते. हिला आधी दोन वेढे आहेत, शस्त्रक्रियेत टाके घालतात तसे. पोल्डीच्या खोक्यावर सकाळपासून तीच गाठ आहे."

केसलरचा चेहरा पांढराफटक पडला. "अकरा खाटा, एकटा मी... शेजारच्या खाटेचं औषध आरिएतांच्या कागदावर लिहिलं गेलं. मागाहून चिठ्ठी उघडली, तर तो शब्द आयताच समोर. या शब्दात कोणीही फसेल, सगळे पटकन विश्वास ठेवतील असं वाटलं."

अनेलीझ सुटली होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. ती मात्र हुंदके देऊन रडू लागली.

"त्यांच्या गावच्या डॉक्टरनं चिठ्ठीत 'जुलाब देऊ नये' दोनदा अधोरेखित केलं होतं," ती म्हणाली. "मीही दोनदा केलं होतं, डॉक्टर. तुम्ही आधी नुसती फाईल उघडायची होती."