उलटा माउस

तपासनीसबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाच्या धावपळीनंतर त्यांची कंबर जरा सरळ होते न होते, तोच पुलांचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीची सॉफ्टवेअरची लायसन्स तपासायचं काम आलं. पहिल्याच तासाला बाई थबकल्या.

तिथे कुणाच्या टेबलावर खरा संगणक नव्हता. नुसता पडदा. नाव घातलं की तळमजल्यावरच्या सर्व्हरमधून ज्याचा त्याचा डेस्कटॉप समोर येई. कुठल्याही टेबलावर, घरीसुद्धा. दर नावाला एक लायसन्स. लायसन्स चाळीस, यादीत नावं चाळीस.

पण हॉलमध्ये डोकी चाळीस, आणि आजारपणामुळे घरून काम करणारे एक म्हातारे नकाशाकार वेगळे. म्हणजे एकेचाळीस.

कंपनीच्या साहेबांनी लगेच सर्व्हरवाल्याकडे बोट केलं. “चाव्या याच्याकडे. यानंच कुणाला तरी चोरून आत घेतलंय.”

“मी? अहो, मी चहासुद्धा विचारून पितो!”

“पाचपर्यंत माणूस दाखव. नाहीतर उद्यापासून घरी बस.”

दार लावून घेतलं गेलं. काचा न उघडणाऱ्या. हवा जड. उत्तर मिळेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं ठरलं.

“नावाशिवाय काम करता येतं?” बाईंनी विचारलं.

“नाही. पडदा काळाच राहतो,” सर्व्हरवाला म्हणाला.

“एका नावानं दोघं?”

“दुसरा शिरला की पहिला बाहेर फेकला जातो.”

“आत्ता आत कितीजण?”

“चाळीस. म्हाताऱ्यांचं नावही चालू आहे.”

बाई टेबलाटेबलाशी फिरल्या. खांबाजवळ म्हाताऱ्यांची मुलगी बसायची, नवीनच लागलेली. उजव्या हातानं वहीत मापं लिहीत होती. बाईंनी तिचा माउस घेऊन नकाशा उघडायला डावं बटण दाबलं. उघडली ती उजव्या बटणाची यादी.

“माउस उलटा गं तुझा?”

“सवय झालीय.” तिनं मान वर केली नाही.

भिंतीवर सगळ्यांचा एक जुना फोटो होता. मधोमध म्हातारे नकाशाकार, डाव्या हातात पेन्सिल.

पाचला दहा कमी असताना बाईंनी साहेबांना खुर्ची दिली.

“साहेब, माउसची सवय टेबलाबरोबर राहत नाही, नावाबरोबर फिरते. ही मुलगी उजवी. माउस डावखुऱ्याचा. म्हणजे ही वडिलांच्या नावानं आत आहे. एका नावानं दोघं शिरत नाहीत. मग वडील घरून कसलं काम करतात?”

मुलीनं वही मिटली. “साहेब म्हणाले, बाबांचं नाव काढलं तर लायसन्सची जागा अडकेल, आणि जागा नाही तर नोकरी नाही. एकाहत्तर दिवस मी सगळ्यांना सांगतेय, बाबा बरे आहेत.”

सर्व्हरवाला मुलीकडे वळला. “आणि मी रोज म्हणतोय, म्हातारबा घरी बसून मजा करतात!”

“नियमच तसा आहे!” साहेब उसळले. “लायसन्सची यादी दिली की नव्वद दिवस नाव बदलता येत नाही. ते गेले त्याच्या दोनच दिवस आधी मी यादी दिली होती. आणखी सतरा दिवस निघाले असते तर जागा हिलाच देणार होतो.”

“आणि तोवर फास या सर्व्हरवाल्याच्या गळ्यात?”

बाईंनी नियमाचा कागद पुढे केला.

“त्याखालची ओळ वाचलीत?”

“खालची?”

“माणूस नोकरी सोडून गेला किंवा वारला, तर नव्वद दिवसांची अट नाही. जागा त्याच दिवशी मोकळी. लपवायचं कारणच नव्हतं, साहेब. अर्धा नियम वाचून तुम्ही पोरीला रडूसुद्धा दिलं नाहीत.”

दार उघडलं. कुणी बाहेर गेलं नाही.

“माउस तरी सरळ करून घ्यायचास,” बाई हळूच म्हणाल्या.

“करवेना.”

बाईंनी यादी पुढे ओढली. “तारीख सांग, बाळ. लिहावी लागेल.”

तिनं सांगितली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हातारे नकाशाकार, तिचे बाबा, त्या वर्षी चौदा ऑगस्टला पहाटे साडेपाचला वारले.