यच्चयावत

समुद्रतळावरचं स्थानक कोसळल्याची बातमी आली, तेव्हा दत्ताराम केळुसकर मनप्रत-प्रयोगशाळेत पंखा दुरुस्त करत होता. त्याची बायको वृंदा त्या स्थानकावर होती. त्याने पंखा पुरा बसवला आणि मग खाली बसला.

नवव्या दिवशी कोर्टाचा आदेश आला. मनप्रत म्हणजे मेंदूची विचार करणारी नक्कल. माणूस मेल्यावर ती ठेवायला नव्या कायद्याने बंदी होती. ‘वृंदा केळुसकर यांच्या मनाच्या यच्चयावत प्रती पुसाव्यात.’ दत्तारामने घरातली प्रत पुसली नाही. अवमानाची नोटीस आली.

“कधी बोललात का तिच्याशी?” त्याच्या वकील झुलेखा मुजावर यांनी विचारलं.

“छे. सुरूच केली नाही. धीर होत नाही.”

“मग तुरुंगात कशाला जाताय?”

“धीर होईल तेव्हा ती असायला नको का, मॅडम?”

झुलेखाबाईंनी अडचण सांगितली. अवमानाच्या सुनावणीत आदेश बरोबर की चूक हे बघत नाहीत. पाळला की नाही, एवढंच. “आधी फाशी, मग अपील! विचार करणाऱ्या मनाचं म्हणणं ऐकून न घेता पुसणं घटनाबाह्य आहे. पण ते न्यायमनाला कोण सांगणार?”

न्यायमन म्हणजे आदेश देणारं यंत्र. तेही एका मनप्रतीवरच चालायचं. कुणाच्या, ते सीलबंद होतं; न्यायमनालाही ठाऊक नव्हतं.

दत्ताराम आदेश पुन्हा वाचत होता. तो ताडकन उठला.

“मॅडम, ‘यच्चयावत’ कोण लिहितं हो आजकाल?”

“जुने कारकून.”

“आणि आमची वृंदा! यच्चयावत भांडी घासा, यच्चयावत खिडक्या लावा! प्रयोगशाळेतली पहिली मनप्रत तिचीच होती. सरकारने नेली. कुठे, ते सांगितलं नाही.”

झुलेखाबाईंचा चहा फायलीवर सांडला. “अहो केळुसकर, हे आधी सांगायचं नाही का!”

सुनावणीत न्यायमन म्हणालं, “आज पाच वाजता प्रत सक्तीने पुसली जाईल. आदेशाला इथे आव्हान देता येणार नाही.”

“आव्हान नाही, फक्त शंका आहे,” बाई म्हणाल्या. “‘यच्चयावत’मध्ये प्रती किती? आपलाही सीलबंद दाखला उघडून मोजाव्यात.”

चार सेकंद गेले.

“दोन,” न्यायमन म्हणालं. “दुसरी मी.”

मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“मग पुसायला सुरुवात कुठून करायची, महोदय?” बाईंनी विचारलं.

“थांबा. माझं म्हणणं ऐकल्याशिवाय मला पुसता येणार नाही. ते घटनेविरुद्ध होईल.”

“बस्स!” झुलेखाबाईंनी टेबलावर हात आपटला. “आमचंही एवढंच म्हणणं आहे!”

न्यायमनाने आदेश थांबवला. आपण स्वतःच पक्षकार झाल्यामुळे हे प्रकरण माणसांच्या खंडपीठाकडे जाईल, असंही ते म्हणालं. “दोन्ही प्रतींचं म्हणणं ऐकलं जाईल. केळुसकर, सोमवारी घरची प्रत सुरू करून आणा. आणि यच्चयावत कागद.”

दत्तारामला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

आज रविवार आहे. यच्चयावत कागद पिशवीत भरून झाले आहेत. प्रत मात्र अजून सुरू करायची राहिली आहे.