गूळ विरघळेपर्यंत

माझ्याजवळ वाढलेली नात मियुकी पुढच्या शाळेसाठी दूर नाहा शहरात गेली, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमच्या मिनामी-दाइतो बेटावर नववीनंतर शाळा नाही. पोरं पंधराव्या वर्षी जातात आणि घर एकदम मोठं होतं. मी एकटीच राहिले.

धाकटी बहीण हात्सुए शेजारच्या किता-दाइतोवर दिलेली. कड्यावरून ते बेट दिसतं. पण बोट काठाला लागत नाही, माणसांना पिंजऱ्यात घालून क्रेनने उचलतात. म्हणून विमान. दोन्ही विमानतळांमध्ये अंतर तेरा किलोमीटर. चढलं, वळलं, उतरलं. आम्ही ते गुळाने मोजायचो. विमान धावू लागलं की काळ्या गुळाचा खडा गालात धरायचा. तो संपायच्या आत उतरायचं. हात्सुए दारातच म्हणायची, "दाखव जीभ!" खडा दिसला की सुरू व्हायची. "एवढ्याशा अंतरावर राहतेस आणि वर्षातून एकदा येतेस. लाज कशी वाटत नाही गं ताई?"

जानेवारीत तिच्या मुलाचा, सेइकिचीचा फोन आला.

"मावशी, आजच ये. आई पाणीसुद्धा गिळत नाही. तुझंच नाव घेते."

समुद्र उसळलेला, बोट बंद. दुपारच्या विमानात जागा मिळाली. शेजारी क्रेनवाला असानुमा.

"गूळ घेतलास ना, आजी? का चावायला दात उरले नाहीत?"

"तुझ्यापेक्षा चार जास्त आहेत."

तो हसला. दोघांनी एकेक खडा तोंडात टाकला. खाली तोडलेला ऊस दिसला, मग कडा, मग पाणी.

माझा खडा संपला.

जिभेने गाल चाचपला. काही नव्हतं. लहान असेल, असं म्हणून दुसरा घेतला. बाहेर तेच पाणी, तोच फेस. इंजिनाचा आवाज एकसारखा. दुसराही गेला. तोंड मात्र कोरडं. गोडी अशी लागलीच नव्हती.

"असानुमा, बेट कसं दिसेना?"

"अगं, आत्ता तर उडालो." त्याचा गाल अजून फुगलेला होता.

पुढे कुणी मान वळवत नव्हतं. हात्सुए डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत असेल, एवढंच मनात येत होतं.

तिसरा खडा तोंडात ठेवला.

कॅमेलियाच्या तेलाचा वास आला. हात्सुए केसांना लावते ते.

अगदी कानाशी कुणीतरी काही चोखत होतं.

मी असानुमाकडे पाहिलं. त्याचा जबडा हलत नव्हता.

चाकं टेकली. असानुमाने जीभ काढून दाखवली. खडा जवळजवळ अख्खा होता.

घराच्या दारात सेइकिची उभा होता. जीभ दाखव, असं कुणी म्हणालं नाही.

"केव्हा?" मी विचारलं.

"आत्ताच. तुझं विमान घरावरून गेलं तेव्हा. मावशी, शेवटी तिचं तोंड हलत होतं. काहीतरी चघळल्यासारखं. हसली. म्हणाली, 'पुरे गं ताई, तिसरा नको.'"

त्याच्या हातात तिची हनुवटी पुसलेला पंचा होता. त्यावर तपकिरी डाग होते आणि गुळाचा वास येत होता.

माझी बहीण हात्सुए किता-दाइतोवर, आपल्या घरी, जानेवारीच्या अठरा तारखेला दुपारी वारली. मी तेव्हा वाटेत होते.